आकाशातले अंतर आणि माणसाचा वेळ



आजच्या विषयाचे नाव वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतला माणूस बोनसवर बोलेल, महागाई भत्त्यावर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल. विमानाच्या अंतराशी त्याचा काय संबंध? माझे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर. तेव्हा विमानविद्येचा जाणकार म्हणून मी आपल्यापुढे उभा नाही. पण वेळ मोजणे हा आमचा रोजचा धंदा आहे. मजुरी म्हणजे शेवटी काय? माणसाने विकलेला वेळ. तो कुठून मोजायचा आणि कुठपर्यंत, यावर आमची निम्मी भांडणे होतात. म्हणून हा विषय मी मुद्दाम मागून घेतला.

दुसरे कारण या गावचे आहे. आपण बसलो आहोत त्या तुर्भ्यापासून नवी मुंबईचा विमानतळ सरळ रेघेत दहा-अकरा किलोमीटरवर आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. तेव्हापासून एक वाक्य चहाच्या टपरीपासून भाजी मार्केटपर्यंत सर्वत्र ऐकू येते : "आता काय, गाव तासाभरावर आले!" आपल्याकडे खानदेशातून आलेली पुष्कळ मंडळी आहेत. त्यांचे जळगाव खरोखर तासाभरावर आले आहे काय, हे आज आपण मिळून मोजू या.

आपल्या आजोबा-पणजोबांना अंतर आणि वेळ या दोन वेगळ्या वस्तू वाटत नसत. "गाव किती लांब?" असे विचारले, तर उत्तर येई, "उन्हं तापायच्या आत पोचाल," किंवा "दोन मुक्कामांची वाट आहे." मजल हा शब्दच पाहा. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. घाट लागला की मजल आखूड होई, सपाटी लागली की लांब होई. अंतर पायांनी मोजले जाई आणि पाय माणसाचे असत. पुढे मैलाचे दगड आले, मग किलोमीटरचे आले, आणि अंतर माणसापासून सुटे झाले. विमानाने ते जमिनीपासूनही सुटे केले.

आता हिशोब करू. जळगाव सुमारे २० अंश ५८ कला उत्तर अक्षांशावर आहे, मुंबईचा सांताक्रूझचा विमानतळ १९ अंश ५ कलांवर. फरक १ अंश ५३ कला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा उत्तरेकडे २०९ किलोमीटर झाले. रेखांशात फरक आहे २ अंश ४६ कला. रेखांशाचा अंश मात्र सर्वत्र सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटर, आपल्याकडे साधारण १०४ ते १०५, लेहला ९२, आणि जसजसे ध्रुवाकडे जावे तसतसा आटत जातो, कारण सगळ्या रेखावृत्तांना ध्रुवावर एकत्र यायचे असते. तेव्हा पूर्वेकडे २८९ किलोमीटर झाले. या दोन बाजू काटकोनात मांडून पायथागोरसचा सिद्धांत लावला की तिरकी बाजू येते सुमारे ३५६ किलोमीटर. सातवीपर्यंतच्या गणिताला हे झेपते, हे आपणांस कळावे म्हणून सांगितले. लांबच्या उड्डाणांना एवढ्याने भागत नाही. तिथे पृथ्वीचा गोलवा धरावा लागतो. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन गावांवर दोरा ताणून पाहा. तो ताणलेला दोरा हीच विमानाची सर्वांत जवळची वाट.

आता याच गावाला आगगाडीने जा. मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जळगाव ४२० किलोमीटर भरते. वरचे ६४ किलोमीटर कुठून आले? ते सह्याद्रीने आणि गावांनी घातले. कसाऱ्याचा घाट चढायचा, इगतपुरी, नाशिक, मनमाड, चाळीसगाव करीत जायचे, म्हणजे वाकडी वाट आलीच. विमानाला ना घाट, ना मनमाड.

मग वेळ किती? या मार्गावर चालतात तशी छोटी पंख्यांची विमाने ताशी सुमारे ५०० किलोमीटरने जातात. ३५६ ला ५०० ने भागले की त्रेचाळीस मिनिटे येतात. पण वेळापत्रकात तासाहून अधिक वेळ छापलेला असतो. वरची मिनिटे कुणी चोरलेली नसतात. विमान कंपनीची वेळ मोजली जाते ती चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावीपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंतचे सरपटणे येते, रांगेत थांबणे येते, वर चढताना आणि खाली येताना मंदावलेला वेग येतो, समोरून वाहणारा वारा येतो. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात. त्यामुळे दोन असूनही दोघी एकाच वेळी राबवता येत नाहीत, आणि विमानांना आकाशात घिरट्या घालीत पाळी येण्याची वाट पाहावी लागते. आपल्या वाशी नाक्यासारखेच ते.

ही झाली विमानाची वेळ. आता माणसाची वेळ मोजा. तुर्भे स्टोअर्समधला एखादा गृहस्थ सकाळी घरातून निघाला. सांताक्रूझला पोचायला दीड तास धरा. विमानतळावर आधी हजर राहणे, तपासणी, रांगा यांत दीड तास. विमानात सव्वा तास. जळगावला सामान घेऊन गावात शिरायला पाऊण तास. बेरीज पाच तास. ३५६ किलोमीटर पाच तासांत, म्हणजे ताशी एकाहत्तर. आकाशात ताशी पाचशेने धावणारा मनुष्य उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत चांगल्या रस्त्यावरच्या एस्टीपेक्षा फारसा वेगाने गेला नाही!

आगगाडीने गेला तर? तुर्भ्याहून ठाण्याला लोकलने पंचवीस-तीस मिनिटे, ठाण्याला अर्धा तास थांबणे, पुढे सहा-साडेसहा तास. सगळे मिळून साडेसात तास. म्हणजे विमानाने अडीच तास वाचले. पण यात एक मेख आहे. रात्रीची गाडी धरली तर ते साडेसात तास झोपेचे जातात. विमानाचे पाच तास बहुधा दिवसाचे जातात. रोजंदारीवर काम करणाऱ्याला झोप मोडलेली परवडते, खाडा परवडत नाही. म्हणून तो रात्रीच्या गाडीत दाराशी बसून जातो. शिकलेली माणसे म्हणतात, याला वेळेची किंमत कळत नाही. बंधूंनो, ती त्याच्याइतकी कुणालाच कळत नाही. कोणता तास विकाऊ आणि कोणता बिनविकाऊ, हे त्याला तोंडपाठ असते.

आता हिशोबाची गंमत पाहा. तेच विमान आपल्या नवी मुंबईच्या विमानतळावरून जळगावला निघाले असे धरा. आकाशातले अंतर येते सुमारे ३४५ किलोमीटर. फरक अकरा किलोमीटरांचा, म्हणजे विमानाला मिनिट-दीड मिनिटाचा. पण तुर्भेकराचा सांताक्रूझपर्यंतचा दीड तास जाऊन तिथे अर्धा-पाऊण तास येतो. विमानाचे वाचले मिनिट, माणसाचा वाचला जवळजवळ तास. पण अंधेरीच्या माणसाचा हिशोब याच्या बरोबर उलटा येईल. अंतर सर्वांना सारखे असते, वेळ ज्याची त्याला निराळी असते.

हे आणखी स्पष्ट व्हावे म्हणून आपल्याला जरा उत्तरेकडे नेतो. श्रीनगर आणि लेह या दोन विमानतळांमधले आकाशातले अंतर सुमारे २५६ किलोमीटर, जळगावपेक्षाही शंभराने कमी. रस्त्याने तेच चारशे वीस किलोमीटरच्या वर जाते, आणि वाटेत झोजी खिंड लागते. हिवाळ्यात बर्फ पडला की ही खिंड बंद होई आणि लडाख महिनेच्या महिने तुटून जाई. आता खिंडीखालून बोगदा खणण्याचे काम चालले आहे. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा विमान पहिल्यांदा लेहच्या वाळवंटी पट्टीवर उतरवले. सोबत जनरल थिमय्या होते. ती धावपट्टी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या हातांनी तयार करवून घेतली होती. समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांवरच्या त्या पट्टीने लेह वाचवले. तिथे आजही विमाने मुख्यतः सकाळी ये-जा करतात, कारण दुपारी वारा उठतो आणि तापलेली विरळ हवा पंखांना पुरेसा आधार देत नाही.

याहून उत्तरेचे एक उदाहरण देतो, कारण ते खाणकामगारांचे आहे. नॉर्वे देशाच्या उत्तर टोकाला ट्रोम्सो नावाचे शहर आहे. तेथून समुद्रापलीकडे ७८ अंश अक्षांशावर लाँगयिअरबीन हे कोळसा खाणींचे गाव. मधले अंतर सुमारे ९६० किलोमीटर, विमानाने पावणेदोन तासांच्या आत-बाहेर. पण तिथला कायमचा विमानतळ १९७५ साली सुरू झाला. त्याआधी शरदात शेवटची बोट गेली की समुद्र गोठे, आणि खाणकामगार बहुधा वसंतातल्या पहिल्या बोटीपर्यंत तिथेच अडकून राही. घरी आई आजारी पडो की मूल जन्मो, तो सहसा हलू शकत नसे. १९७४ साली ते अंतर ९६० किलोमीटर होते आणि १९७६ सालीही ९६०च होते. बदलले ते काय? माणसाचा हिवाळा त्याला परत मिळाला. २०२५ साली तिथली नॉर्वेची शेवटची कोळसा खाण बंद झाली, पण गावाची वाट उघडी राहिली.

अंतर निसर्गाने दिलेले असते, वेळ माणसांच्या व्यवस्थेने ठरते. आणि जी गोष्ट व्यवस्थेने ठरते, तिच्याबद्दल विचारता येते की ही व्यवस्था कुणाच्या घड्याळाने चालते?

विमानाच्या धंद्यातच याचे उत्तम उत्तर सापडते. वैमानिकाचा वेळ कायद्याने मोजला जातो. तो कामावर हजर झाला की त्याचे घड्याळ सुरू होते, विमान उडो की धुक्यात दोन तास उभे राहो. का? कारण थकलेला वैमानिक दीडशे माणसे घेऊन पडतो. आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने या नियमांत २०२४ साली सुधारणा केली. साप्ताहिक विश्रांती सलग ३६ तासांची होती, ती ४८ केली. आठवड्यात रात्रीच्या वेळी सहा वेळा विमान उतरवायला मुभा होती, ती दोनवर आणली. हे नियम आपोआप अंमलात आले नाहीत. वैमानिकांच्या संघटनांना त्यासाठी दिल्लीच्या उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. अखेर २०२५ च्या जुलैत आणि नोव्हेंबरात, दोन हप्त्यांनी, ते लागू झाले.

पुढे काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची उड्डाणे धडाधड रद्द झाली, एका दिवशी तर हजारांहून अधिक. लोक विमानतळांवर जमिनीवर झोपले. नियम लागू होणार हे कित्येक महिने आधी ठाऊक होते, पण तेवढी माणसे हाताशी नव्हती. सरकारला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. मला या प्रकरणातून एवढेच कळले की, इतकी वर्षे जे वेळापत्रक आपल्याला कार्यक्षम म्हणून दाखवले जात होते, त्यात कुणाची तरी झोप घातलेली होती. झोप परत मागताच वेळापत्रक कोसळले.

वैमानिकाला निदान संघटना आहे, नियम आहे, न्यायालय आहे. त्याच विमानात सामान चढवणारा, शौचकूप धुणारा, धावपट्टीवर झाडू मारणारा, स्वयंपाकघरात पहाटे डबे भरणारा, यांचे घड्याळ कुठून सुरू होते? फाटकापासून. आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात एके काळी अशी रीत होती की, फाटकावर तीन मिनिटे उशीर झाला तर अर्ध्या तासाची मजुरी कापायची. १९३६ च्या वेतन कायद्याने स्पष्ट सांगितले होते की जितका वेळ गैरहजर, तितक्याच प्रमाणात कपात. आम्ही तो कायदा तिथल्या लोकांना वाचून दाखवला आणि ती रीत बंद पडली. पण लोकल वीस मिनिटे उशिरा आली म्हणून ती तीन मिनिटे गेली, हा प्रश्न त्या कायद्यातही नव्हता. रस्ता कामगाराच्या खात्यावर टाकलेला होता.

रस्ता कुणाचा, हा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयात फार जुना आहे. सौराष्ट्रातल्या मिठागराचे कामगार काम संपवून होडीने खाडी ओलांडताना बुडाले. १९५८ साली न्यायालय म्हणाले की ती होडी सार्वजनिक उताराची होती, तो प्रवास कामाचा भाग नव्हे. पाच वर्षांनी, १९६३ साली, मुंबईच्या बेस्टच्या एका चालकाचे प्रकरण आले. १९५७ साली जोगेश्वरीच्या आगारात आपली बस सोडून तो दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. अपघातात तो गेला. न्यायालयाने बहुमताने ठरवले की हा मृत्यू नोकरीच्या ओघातलाच आहे, कारण चालकांना बसने फुकट नेण्या-आणण्याची सोय उपक्रमाचे काम वेळेवर चालावे म्हणूनच होती. २०१० साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती होऊन घर ते काम या वाटेवरच्या अपघाताला जागा मिळाली.

आणि अलीकडचा निकाल आपल्या मराठवाड्यातला आहे. धाराशिव भागातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ च्या एप्रिलात मोटारसायकलने कामावर निघाला होता. पाळी पहाटे तीनची. कारखान्यापासून पाच किलोमीटरवर त्याला अपघात झाला आणि तो दगावला. भरपाई मंजूर झाली, मग उच्च न्यायालयात गेली, आणि २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती त्याच्या कुटुंबाला परत दिली. न्यायालय म्हणाले, प्रवासाची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी धागा जुळत असेल, तर वाटेवरचा अपघात हा कामावरचाच अपघात. निकाल चांगला आहे. पण पाच किलोमीटरचे अंतर कायद्याने बावीस वर्षांत कापले, हेही लक्षात ठेवा.

आज अशी स्थिती आहे की त्या रस्त्यावर माणूस मेला, तर रस्ता कामाचा ठरू शकतो. पण त्याच रस्त्यावर तो रोज तीन तास जिवंत राहिला, तर ते तास त्याचे खासगी! ही विसंगती मला आपल्यापुढे ठेवायची होती. तेवढ्यासाठी जळगावपासून लाँगयिअरबीनपर्यंत आपणांस फिरवले.

कुणी म्हणेल, मग काय, कामगाराला लोकलमध्ये बसण्याचाही पगार द्यायचा? एवढी मोठी मागणी मी आज करीत नाही. माझे म्हणणे साधे आहे. नव्या विमानतळावर आपल्या तुर्भ्यातली, कोपरखैरण्यातली, पनवेलची आणि ज्यांची गावे तिथून उठली त्या घरांतली मुले कामाला लागली आहेत आणि पुढेही लागतील. सकाळी सहाच्या विमानासाठी सामान चढवणारा तीन-चार वाजता हजर असावा लागतो. त्या वेळी त्याला नेणारी लोकल नसते, आणि रिक्षाचे भाडे रोजाचा मोठा तुकडा खाते. तेव्हा पहिल्या लोकलच्या आधी सुरू होणाऱ्या किंवा शेवटच्या लोकलनंतर संपणाऱ्या प्रत्येक पाळीला ने-आणीची गाडी मालकाने दिली पाहिजे, मग मालक मुख्य असो की कंत्राटदार. विमानाच्या वेळापत्रकाबरोबर त्या गाडीचेही वेळापत्रक लागले पाहिजे. आणि दोन पाळ्यांमधली विश्रांती फाटकापासून फाटकापर्यंत न मोजता घरच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजली पाहिजे. कागदावर बारा तासांची सुट्टी, त्यातले चार वाटेत, दोन स्वयंपाकपाण्यात, म्हणजे झोपेला उरले सहा. सामान चढवणारा थकला तर विमान पडत नाही हे खरे. पण त्याचा हात पट्ट्यात सापडतो, आणि त्याची बातमी होत नाही.

आपण या सभेत जमलेले बहुतेक लोक कधी ना कधी प्रवासी म्हणून त्या विमानतळावर जाणार आहात. अवश्य जा. विमान हे श्रीमंतांचे चोचले आहे असे मी मानीत नाही. आजारी आईकडे लवकर पोचण्याचा हक्क हमालालाही आहे. लहान गावांची भाडी आवाक्यात यावीत म्हणून केंद्र सरकारने 'उडान' योजना आणली, त्या योजनेतून २०१७ च्या डिसेंबरात जळगावला विमान सुरू झाले, मध्ये बंद पडले, पुन्हा सुरू झाले. ते टिकावे असेच मला वाटते. फक्त तिकिटावर छापलेला सव्वा तास वाचताना मनात एक बेरीज करीत जा. या सव्वा तासासाठी कोण किती वाजता उठले असेल? ही बेरीज करणारे प्रवासी वाढले, तर आमच्या मागणीपत्रावर सह्या मिळवायला आम्हांला फार पायपीट करावी लागणार नाही. ते मागणीपत्र सभा संपल्यावर दाराशी ठेवलेले असेल.

 शेवटची लोकल गाठायची असलेली मंडळी मागच्या रांगेत उठू लागली आहेत. त्यांचा वेळ मी घेणे बरे नाही. येथेच थांबतो.